ताई गेल्यानंतरची बालवाडी : सोलापूरच्या पूर्व भागातलं एक प्रकरण

हे प्रकरण बालवाडी शिक्षिका आणि संस्थाचालकांच्या प्रशिक्षणासाठी बांधलेलं आहे. यातली बालवाडी, माणसं आणि आकडे कुण्या एका संस्थेचे नाहीत. प्रसंग मात्र असेच घडतात, आणि चुकाही बहुतेक ठिकाणी याच क्रमाने होतात.

परिस्थिती

सोलापूरच्या पूर्व भागात एका महिला मंडळाची बालवाडी. अठरा फूट बाय बारा फुटांची एकच खोली, पुढे पत्र्याची पडवी, कोपऱ्यात पाण्याची दोन पिंपं, कारण नळाला रोज पाणी येत नाही. वेळ साडेनऊ ते साडेबारा. पटावर ३१ मुलं, वय तीन ते पावणेसहा. १९ घरांत तेलुगू, ७ घरांत मराठी, ३ घरांत कन्नड, दोघांकडे दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली. वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात. बहुतेक आया घरी विड्या वळतात. वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करून पान-तंबाखू घेऊन यायचं, तेवढा वेळ पोर सुखरूप कुठे ठेवायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न.

शिक्षिका एकच, ताई. वय ३८, या खोलीत १४ वर्षं. मदतीला एक बाई, जिला सगळी मुलं अक्का म्हणतात. ताईंचे यजमान रिक्षा चालवतात. थोरली मुलगी १२ वर्षांची, सातवीत. धाकटा मुलगा ४ वर्षं ४ महिन्यांचा, आईच्याच वर्गात. त्याच्यासाठी एक नियम होता : बालवाडीच्या उंबऱ्याच्या आत आईला ‘ताई’ म्हणायचं, बाहेर ‘आई’. शिक्षिकेचं स्वतःचं मूल वर्गात असलं की बाकीची पोरं हिरमुसतात, म्हणून पुष्कळ जणी असं करतात, आणि ठीकच करतात. बहिणीला तो दीदी म्हणतो. त्यामुळे ‘ताई’ हे नाव त्याच्यापुरतं त्या खोलीतल्या बाईंचंच होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी रात्री ताईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. रविवारी पहाटे त्या गेल्या, दुपारी अंत्यसंस्कार झाले.

पहिला आठवडा

सोमवारी बालवाडी उघडली, हे योग्य झालं. तीन दिवस बंद ठेवावी असं मंडळात घाटत होतं. अक्का म्हणाली, पोरं कुठं ठेवतील त्या बाया? तिने कुलूप काढलं. तिचा विचार आयांच्या सोयीचा होता, पण मुलांच्या बाजूनेही तेच खरं. या वयाच्या मुलाला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते रोजचं मोडणं. चटई तीच, डब्याची वेळ तीच, हात धुवायची रांग तीच राहिली, की बाकीचं सोसायला त्याला बळ मिळतं.

चुकलं ते दुसरीकडे. मुलांना काय सांगायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. मंडळाच्या बायका दुखवट्याच्या घरी, अक्का खोलीत एकटी. पहिल्याच मुलाने विचारलं, “ताई कुठंय?” अक्काच्या तोंडून निघून गेलं, “गावाला गेल्यात. येतील की.”

चार दिवसांत त्या वाक्याचे परिणाम दिसले. एक साडेतीन वर्षांची मुलगी दप्तर पाठीवरून काढेना. ताई आल्या की काढायचं, असं तिचं ठरलेलं. ती दारापाशीच उभी राहायची. पाच वर्षांच्या मुलीने घरी खरं ऐकलं होतं, तिने चटईवर जाहीर केलं, “ताई मेल्या.” तिला “असं बोलू नये” म्हणून गप्प केलं. त्या क्षणापासून मोठ्या गटात हा विषय बंद झाला, कारण ताईंबद्दल बोललं की रागावतात एवढं त्यांना कळलं.

घराघरांतून निघालेली वाक्यं याहून अवघड होती. “झोपेतच गेल्या” हे ऐकलेला एक मुलगा दुपारी घरी आडवा होईना, आई पेंगायला लागली की तिला हलवून उठवायचा. “चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणून लवकर नेतो,” हे आजीने एका मुलीला समजावलं. ती वर्गातली शांत मुलगी. तिने त्या आठवड्यात दोनदा मुद्दाम पाणी सांडलं आणि “शहाणी बाळ” म्हटल्यावर रडायला लागली. मोठ्यांना हे हट्ट वाटले. मुलांच्या जागी उभं राहून पाहिलं तर प्रत्येकाने ऐकलेल्या वाक्यावरून अगदी सरळ निष्कर्ष काढला होता.

मरण कळायचं तर चार गोष्टी कळाव्या लागतात. मेलेलं परत येत नाही. मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात, भूक आणि दुखणंही थांबतं. जिवंत असलेलं प्रत्येक कधीतरी मरतं. आणि मरण्यामागे शरीरातलं काही कारण असतं. कुणाच्या मनातल्या रागाने किंवा वाईट वागण्याने कुणी मरत नाही. ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान, तुकड्यातुकड्याने येते. म्हणजे या वर्गात कुणाकडे एक तुकडा होता, कुणाकडे दोन, कुणाकडे एकही नाही. अशा मुलांना ‘गावाला’, ‘झोप’, ‘देवाने नेलं’ हे शब्द जसेच्या तसे लागू होतात. गावाला गेलेला मामा परत येतो. झोपलेली आई उठते. मग ताई का नाही?

शुक्रवारची सकाळ

गुरुवारी संध्याकाळी मंडळाच्या दोघी आणि अक्का पालकांना भेटल्या. सभा पंधरा मिनिटांची, पडवीतच. उद्या मुलांना काय सांगणार ते शब्दशः वाचून दाखवलं, आणि एका पालक बाईने तेच तेलुगूत सांगितलं. एकाच मजकुरावर सगळ्यांनी राहायचं, एवढीच विनंती. एका आजोबांचा आक्षेप होता : लहान पोरांपुढं ‘मेल्या’ म्हणायचं? चिमणी मेली, मांजराचं पिल्लू मेलं, हे मुलं स्वतःच रोज बोलतात. त्यांच्या ओळखीचा हा एकच शब्द आहे, असं सांगितल्यावर ते गप्प बसले. त्यांना पटलं की नाही ते सांगता येत नाही.

सांगायचं कुणी? अक्कानेच. बाहेरून समुपदेशक आणावा अशी सूचना होती, पण या वयाच्या मुलाला अनोळखी माणसाकडून असलं काही ऐकवू नये. वेळ प्रार्थनेनंतरची, म्हणजे पुढचे दोन-अडीच तास प्रश्नांना मोकळे राहतात. सुटायच्या आधी सांगितलं तर मूल तो प्रश्न घेऊन रस्त्यावर जातं. सगळ्या मुलांना एकदम सांगितलं नाही; सात-आठ जणांचे चार गट, वयानुसार, मोठ्यांपासून सुरुवात. बाकीची मुलं तेवढा वेळ पडवीत मंडळाच्या बाईंजवळ.

अक्काने म्हटलेला मजकूर असा होता :

“आपल्या ताई मेल्या. त्यांच्या डोक्याच्या आत फार मोठा आजार झाला. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. पण त्यांचं शरीर बंद पडलं. आता त्या श्वास घेत नाहीत, जेवत नाहीत, त्यांना दुखत नाही. त्या परत येणार नाहीत. आपल्याला होतो तसा सर्दी-ताप नव्हता, वेगळा आजार होता. कुणी त्रास दिला, कुणी ऐकलं नाही, म्हणून झालेला नाही. मी सोमवारी गावाला गेल्या म्हणाले, ते खरं नव्हतं. मला तेव्हा सांगता आलं नाही.”

शेवटची दोन वाक्यं काहींना नको होती. ती ठेवली हे बरं झालं. आधीचं वाक्य उघडपणे मागे घेतलं नाही, तर मूल दोन्ही जवळ बाळगतं आणि त्यातलं सोपं तेच धरून बसतं.

बोलताना अक्काला रडू आलं. तिने पदराने डोळे पुसले, “मला ताईंची आठवण येते म्हणून रडू येतंय” म्हणाली आणि पुढे चालू केलं. हेही चांगलं. मोठ्यांचं रडणं मुलांना जड जात नाही, न कळलेलं रडणं जड जातं.

प्रश्न लगेच आले. जाळलं तेव्हा भाजलं का? तिथं डबा कोण देणार? त्यांची चप्पल इथंच आहे, मग? एका मुलाने तर, “मग आज खिचडी आहे का?” एवढंच विचारलं. तेही उत्तर देण्याजोगंच आहे. चार वर्षांचं मूल दुःखात दोन मिनिटं राहतं आणि खेळायला जातं. त्याला काही वाटत नाही, असं त्यावरून समजू नये. तेच प्रश्न पुढे दहा-दहा वेळा आले. दर वेळी तेच शब्द, तेवढेच. घरी ‘देवाघरी गेल्या’ म्हणत असतील तर त्याला खोडून काढायचं नाही. “हो, घरी तसं म्हणतात. ताईंचं शरीर बंद पडलंय, त्या परत येणार नाहीत,” एवढंच पुढे जोडायचं.

पुढच्या बुधवारी मोठ्या गटाने पडवीत नवा खेळ काढला. कापडी बाहुली पाटावर निजवली, वर चादरीचा तुकडा, चौघांनी उचलली, आणि एक मुलगी गल्लीतल्या बायकांसारखी छाती बडवत मागे. शेजारच्या बाईने “अशुभ खेळता का!” म्हणून पाट काढून घेतला. तो परत दिला पाहिजे होता, आणि अक्काने दिलाही. मुलं असंच समजून घेतात. लक्ष दोनच गोष्टींवर ठेवायचं : खरं मूल निजवून त्याचं तोंड झाकू नये, आणि नको म्हणणाऱ्याला ओढून खेळात घेऊ नये. खेळ आठवडाभर चालला, मग त्याची जागा रिक्षाच्या खेळाने घेतली.

अंथरूण ओलं होणं, अंगठा तोंडात जाणं, पोट दुखतंय म्हणून रडणं, आईला न सोडणं हे पुष्कळ मुलांत काही आठवडे दिसतं आणि ओसरतं. ओसरायच्या ऐवजी वाढत गेलं, मूल खेळायचंच थांबलं, खाणं-झोप बिघडलेलीच राहिली, तर दीड-दोन महिन्यांपलीकडे वाट पाहू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ३१ पैकी एका मुलाला तशी गरज लागली. त्याच्या घरी त्याच वर्षी आजोबाही गेले होते.

मुलगा

ताईंचा मुलगा नवव्या दिवशी बालवाडीत आला. तेराव्यापर्यंत पाठवू नये असं घरचे म्हणत होते, पण तो स्वतःच दप्तर घेऊन दारात बसला. पाठवलं ते ठीक केलं. आल्या आल्या तो ताईंच्या पाटावर बसला. त्या खोलीत खुर्ची नव्हतीच. ताई बुटक्या पाटावर बसत, म्हणजे डोळे मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. दुसरं मूल पाटाला टेकलं की हा ढकलायचा. बाकीची मुलंही ऐकेनात. “आमच्या पण ताई!” हा भांडणाचा मजकूर.

अकराव्या दिवशी चित्र काढता काढता तो शेजारच्याला म्हणाला, “ताई मेली. माझी आई नाही मेली.”

अक्काने ते ऐकलं आणि तिला वाटलं, लेकरू मानायला तयार नाही. तसं नव्हतं. त्याने दोन्हीकडचं नीट ऐकलं होतं. बालवाडीत सांगितलं, ताई मेल्या. घरी नातलग त्याच्यापुढे कुजबुजत होते, आणि विचारलं की “आई देवाघरी गेली, बाळा.” बालवाडीतली मेली, घरातली कुठेतरी गेली आहे. उंबऱ्याचा नियम त्याने इतका मनापासून पाळला होता, की एका बाईच्या दोन बायका झाल्या होत्या. ताई आणि आई एकच, ही ओळ शुक्रवारच्या मजकुरात राहून गेली होती, आणि तो त्या दिवशी तिथे नव्हताही.

हे सांगायचं काम वडिलांचं. मंडळाने त्यांना मजकूर लिहून दिला, दोन फोटो दिले. एक बालवाडीतला, मुलांच्या घोळक्यात. एक घरातला, ओट्यापाशी. “ही ताई. ही आई. ही एकच आहे. ती मेली. ती बालवाडीत पण येणार नाही आणि घरी पण येणार नाही.” मुलाने विचारलं, “दोघी पण?” वडिलांनी सांगितलं, “दोघी म्हणजे एकच होती.” तो खूप रडला, आणि त्यानंतरचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट गेले. घरच्यांना वाटलं, सांगून चूक केली. नव्हती केली, त्याआधी तो शांत होता तो वाट पाहत होता म्हणून.

वर्गापुरती व्यवस्था अशी लावली. पाट आठवडाभर जागच्या जागी, रिकामा. त्यावर नवीन बाईंनीही बसायचं नाही. मग तो पुस्तकांच्या कोपऱ्यात हलवला, ज्याला पुस्तक पाहायचं त्याने बसायचं, मुलाने आणि इतरांनीही. फक्त त्याची अशी एक वस्तू वेगळी दिली : ताईंचा निळा रुमाल, जो त्या मुलांच्या नाकाला लावत. तो धुतला नाही. वास हा या वयात आठवणीचा मोठा धागा असतो, आणि आल्या-गेल्या घरातल्या उत्साही बायका पहिल्या आठवड्यातच सगळे कपडे धुऊन वाटून टाकतात.

मुलीच्या बाबतीत चुकीचं वाक्य एकच होतं, आणि ते भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणत होती : “आता तूच त्याची आई.” मायेने म्हणत होत्या. बारा वर्षांच्या पोरीने ते आज्ञेसारखं घेतलं. पहाटे उठून भाकरी, भावाची अंघोळ, डबा. शाळा दोन आठवडे बुडली. तिच्या वर्गशिक्षिकेकडून बालवाडीला कळलं. मग आत्याने सकाळ उचलली, वडिलांनी बालवाडीला सोडणं-आणणं, आणि दीदीकडे एकच काम राहिलं, रात्री गोष्ट सांगणं, तेही तिला हवं असेल त्या दिवशी. आल्यागेल्याला आत्या दारातच सांगायची, “ते वाक्य तेवढं बोलू नका तिला.”

शोकसभा आणि फोटो

तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा झाली. माइक, अकरा भाषणं, अडीच तास. मुलांना पहिल्या रांगेत बसवलं, आणि ताईंच्या मुलाला पुढे नेऊन फोटोला हार घालायला लावला. त्याने हार टाकला, टेबलाखाली शिरला, चड्डी ओली झाली; आणि हे सगळं मोबाइलवर चित्रित होऊन गल्लीभर फिरलं. मोठ्यांना शोकसभा हवी असते, ती व्हावीही. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं तिथे काही काम नाही. आणि आई गेलेल्या मुलाला लोकांसमोर उभं करणं, मग हेतू कितीही चांगला असो, सरळ वाईट आहे.

फोटोवरून मंडळात दोन बैठका झाल्या. फळ्यावर मोठा फोटो, चंदनाचा हार, रोज दिवा, असा एका देणगीदारांचा आग्रह. फळ्याच्या वरचा फोटो मोठ्यांच्या नजरेत येतो. चार वर्षांचं मूल साधारण शंभर सेंटिमीटर उंच असतं, डोळे जमिनीपासून नव्वदच्या आसपास. शेवटी फोटो त्याच उंचीवर लागला : पुस्तकांच्या कोपऱ्यात, मध्य नव्वद सेंटिमीटरवर, काच नाही, लॅमिनेशन. पासपोर्टचा मोठा केलेला चेहरा न घेता पाण्याच्या पिंपाजवळ एका मुलीचे हात धुताना काढलेला घेतला. हार नाही. मुलं येता-जाता त्याला हात लावतात, एकदा खडूने टिकली लावली. पुसायची गरज नाही.

ताईंचं काम कुठे साठलं होतं

या प्रकरणातला आमच्या मते सगळ्यात मोलाचा भाग हा. स्मारक काय करायचं, यावर काचेचं कपाट करून ताईंनी बनवलेली साधनं त्यात ठेवावीत, असा ठराव होत आला होता. ती साधनं वापरून झिजायचीच असतात. कपाटात ठेवली की सहा महिन्यांत नवीन बाई छापील तक्ते आणते, आणि ताईंचं नाव राहून काम जातं. महाराष्ट्रात याचं उलटं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते काम स्वतः जाईपर्यंत, १९९२ पर्यंत, चालवलं. ताराबाईंची आठवण कोसबाडला रोजच्या वर्गात होती.

पण अनुताईंनी ताराबाईंबरोबर वर्षानुवर्षं काम केलं होतं. इथे नवीन बाई आल्या तिसऱ्या आठवड्यात, एका इंग्रजी नर्सरीतून, आणि ताईंची रीत कुठेही लिहिलेली नव्हती. असलेली वही अर्धी खुणांत. मुलांच्या नावापुढे लाल, हिरवे ठिपके. लाल ठिपका दोन नावांपुढे होता. एकाचा अर्थ अक्काला ठाऊक होता : ताप चढला की झटका येतो. दुसऱ्या मुलीच्या आईला विचारलं तेव्हा तिचंही तेच निघालं. हे कळेपर्यंत सतरा दिवस ती मुलगी त्या खोलीत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. (झटका आल्यास कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-कांदा काही घालायचं नाही, घड्याळ पाहायचं, पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय.)

मग वही नव्याने भरली. प्रत्येक पालकाशी पंधरा मिनिटं, विड्या जमा करून परतण्याच्या वेळेनंतर. विचारायचं एवढंच : घरात काय नावाने हाक मारता, रडलं की कशाने थांबतं, आजार किंवा न चालणारं खाणं, न्यायला कोण-कोण येऊ शकतं, आणि शू-शीला कोणता शब्द वापरतं. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. चार भाषांच्या वर्गात नवीन बाईंच्या पहिल्या आठवड्यात नऊ चड्ड्या ओल्या झाल्या, त्या मुख्यतः याच कारणाने.

रीत मात्र पालकांनाही सांगता येत नव्हती. ती मुलांच्या हातात होती. शोकसभा फसल्यावर मुलांची म्हणून एक वेगळी सकाळ ठेवली, त्यात हे सापडलं. अर्धा तास, चटईवर गोल, प्रत्येकाने ‘ताईंनी शिकवलेलं’ काहीतरी करून दाखवायचं. बोलायचं नाही, करायचं. नाडीची गाठ, रुमालाची चौघडी, आवाज न करता पाट ठेवणं, केळं सोलणं, नाक शिंकरणं. ३१ मुलांनी २२ वेगवेगळ्या गोष्टी दाखवल्या. नवीन बाई कागद घेऊन बसल्या होत्या. एका मुलाने ज्वारी ओतून दाखवली : दोन स्टीलचे पेले, कड असलेलं ताट, पेल्याला आतून अर्ध्यावर नेलपॉलिशची रेघ. रेघेपर्यंतच भरायचं, डावा हात पेल्याच्या बुडाशी धरायचा. ज्वारी सांडली की दोन बोटांच्या चिमटीने वेचायची. तीच पुढे पेन्सिल धरायची चिमटी. रेघेला थांबायला जमलं की मग पाणी. नवीन बाईंनी लेखनपूर्व तयारीसाठी ठिपक्यांच्या कागदांची चळत आणली होती. ती त्यांनी स्वतःहून मागे ठेवली.

साधनांची दुरुस्ती करताना एक गोष्ट बिघडली, ती सांगायला हवी. ताईंच्या स्पर्शाच्या पाट्या : दहा बाय दहा सेंटिमीटरचे पुठ्ठे, सहा जोड्या. टॉवेल, चादर, जुनं सुती लुगडं, रेशमी काठ, गोणपाट, रेनकोटचा तुकडा. डोळे मिटून जोडी लावायची. कापड कारखान्यातली कात्रणं, फुकट. मंडळातल्या दोघींनी हौसेने नवा संच केला, खळ लावून चिकटवला, आणि झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घातला. मोरचूद विषारी आहे आणि तीन वर्षांचं मूल पाटी चाटतंच. संच फेकावा लागला. जुन्या पाट्या उसवून पाहिल्या तेव्हा दिसलं, ताईंनी एकही चिकटवलेली नव्हती; पुठ्ठ्याभोवती कापड उलटून कडेने धावदोरा, म्हणजे काढून धुता येतं. मागाच्या लाकडी कांड्यांचंही तसंच : टोकं पॉलिश कागदाने घासून गोल केलेली. नवीन आणलेल्या कांड्या तशाच दिल्या तर टोचतात.

पैसे

५८,४०० रुपये जमले. मंडळ नोंदणीकृत, त्याच्या खात्यात आलेला पैसा मंडळाच्या उद्देशांसाठीच खर्चायला हवा; ताईंच्या मुलांना त्यातून परस्पर देता येत नाही. हे तीन दिवसांनी लक्षात आलं. मग देणाऱ्यांना विचारून दोन वाटा केल्या. बालवाडीसाठीचा पैसा पावतीने मंडळात. मुलांसाठीचा दात्यांनी थेट वडिलांच्या पालकत्वाखालच्या मुलांच्या खात्यांत. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं उघडायचं घाटत होतं, पण ते दहा वर्षांच्या आतच उघडता येतं. मुदत ठेव केली.

कुणाच्याही ध्यानात नसतं ते पासबुक. ताईंच्या पासबुकात मे अखेरीला ४३६ रुपयांची वजावट होती. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची, दोन लाखांचं संरक्षण. घरात कुणालाही हे माहीत नव्हतं. मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज, वारसाचं पासबुक घेऊन ताईंच्याच बँकेत जायचं. एक पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे.

संक्रांत ते जून

ताई दर जानेवारीत मुलांकडून छोटे नंदीध्वज करून घेत. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत सजवलेले उंच नंदीध्वज मिरवतात, ते सात, म्हणून हेही सात. बांबूच्या काड्या, घोटीव कागद, झेंडूच्या पाकळ्या. यंदा करावेत का, यावर मंडळात चलबिचल. केले. मुलांनीच १० तारखेला काड्या मागितल्या होत्या. अशा ठरलेल्या दिवसांआधी रडणं-चिडणं पुन्हा डोकं वर काढतं, ते अपेक्षित धरून चालावं. त्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नये. ताईंच्या मुलाला ध्वज धरायचा का, हे त्यालाच विचारलं. नको म्हणाला, त्याला हलगी वाजवायची होती.

जूनमध्ये ११ मुलं पहिलीला गेली आणि १३ नवी आली, ज्यांनी ताईंना पाहिलेलं नाही. फोटो आहे तिथेच राहणार. ताईंना ओळखणारं शेवटचं मूल बाहेर पडलं की तो मंडळाच्या कचेरीत जाईल, असं ठरलंय. ताईंचा मुलगा आणखी एक वर्ष इथेच आहे. तो पहिलीला जाईल तेव्हा त्याच्या शिक्षिकेसाठीची चिठ्ठी वहीत आताच लिहून ठेवली आहे : आई वारली हे त्याला स्पष्ट ठाऊक आहे, कुणी विचारलं तर तो स्वतः सांगतो, त्याला थांबवू नये. निळा रुमाल दप्तरात असतो, तो काढून घेऊ नये. आणि ‘माझी आई’ या विषयावर पाच ओळी लिहायला द्याल तेव्हा सगळ्या वर्गालाच ‘माझ्या घरातलं एक माणूस’ असा दुसरा पर्याय द्यावा, एकट्या त्याला नव्हे.